वीस मार्कांचा विषय

कलेक्टर कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
मशीन दोन, त्यातलं एक दुपारी तापतं म्हणून झाकून ठेवतो.
तिथं यायची रुकी तलरेजा, मूळची सक्करची,
सोलापुरात लग्न होऊन चौदा वर्षं झालेली,
व्हिसा वाढवायचे तेच ते कागद, तीन-तीन प्रती.
एकदा म्हणाली, दादा, आता नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय.
साहेब प्रश्न विचारतात म्हणे.
कोण म्हणतं?
सगळेच म्हणतात.

मी पोरीचं जुनं नागरिकशास्त्र काढून दिलं.
कोरंच होतं तसं.
इतिहासाच्या पाठीला चिकटलेलं वीस मार्कांचं शेपूट,
आमच्या वेळीही परीक्षेच्या आदल्या रात्री
जागरण संपत आल्यावर उघडायचं.

मग ती रांगेत उभी राहून पाठ करायला लागली
आणि पाठ झालेलं आमच्यावर तपासायला.

राष्ट्रपती कोण निवडतं?
आपणच की, म्हणाला गुंडेटी, टॉवेलचं चलन हातात घेऊन.
अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन मत देणारा माणूस,
एक निवडणूक चुकवली नाही त्यानं.
नाही, रुकी म्हणाली, आमदार-खासदार. तेही निवडून आलेलेच.
मग आपण नेमकं कुणाला निवडतो बे?
हे त्यानं मला विचारलं.

मूलभूत कर्तव्यं किती?
यन्नमबाईंनी विड्या मोजाव्यात तशी बोटं मोजली,
पाचावर थांबल्या.
हक्क विचार की गं,
कर्तव्यं तर पहाटे चारपासून चाललीत.
नोटरी इनामदार फोन आल्यासारखं करून बाहेर गेले.

राज्यसभा कधी विसर्जित होते?
पाच वर्षांनी, चहाचे ग्लास गोळा करता करता महेबूब म्हणाला,
सगळंच पाच वर्षांनी होतं.
मी गप्प. मलाही तेच वाटत होतं.
कधीच नाही, ती म्हणाली,
ते कायमचं सभागृह आहे.
आणि ‘कायमचं’ म्हटल्यावर जरा थांबली.
मला तिचा फॉर्म आठवला.
कायमचा पत्ता, या रकान्यात तिनं पेन्सिलीनं लिहून आणलं होतं.
वरून पेन मी फिरवलं होतं.

मला कुणी कधी काही विचारलं नाही.
सिव्हिलमध्ये जन्मलो, आईला टाके पडले,
तेवढीच काय ती परीक्षा,
आणि तीही तिनंच दिली.

मे महिन्यात बोलावणं आलं. डांबर चपलेला चिकटत होतं.
नवरा फाईल धरून पुढं, ही मागून ओठ हलवत.
वीस मिनिटांत परत.
साहेब म्हणाले, मराठी येतं?
येतं.
भिंतीवरचं वाचा.
तिनं वाचलं : दलालांपासून सावध राहा.
झालं.

एवढंच?
एवढंच, म्हणाली. तोंड असं केलेलं
जसं पहिला नंबर एका मार्कानं हुकलाय.
मग पाणी प्याली, पदर नीट केला
आणि माझ्या काउंटरला टेकून
अकरा कर्तव्यं म्हणायला लागली, पहिल्यापासून, मोठ्यानं.
सातव्यावर अडली. पुन्हा मागे गेली.
आधारकार्डं, सातबारे, जातीचे दाखले हातात धरून
अख्खी रांग ऐकत राहिली.
अकरावं संपलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं,
मालक, दोन्ही बाजूंनी काढा हां.

पुस्तक तिनं परत दिलं, कव्हर घालून.
पहिल्या पानावरची उद्देशिका
अंगठा जिथं पडतो तिथं पुसट झाली आहे.
समासात तिच्या सिंधीतल्या टिपा, उजवीकडून डावीकडं.
मला वाचता येत नाहीत.
हल्ली दुपारी मशीन झाकलं की मी एखादा धडा वाचतो.
राज्यसभा आता चुकत नाही.
तिसऱ्या धड्यात, मताच्या अधिकारापाशी,
तिनं एक प्रश्नचिन्ह काढलंय, उलट्या तोंडाचं.
काय विचारायचं राहिलं असेल?
कागद अजून वरून आलेला नाही.
येईल तेव्हा ती झेरॉक्सला इथंच येईल.